अभिनेत्याच्या नमुन्याचा इतिहास : छायाचित्रापासून शोरीलपर्यंत
(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका आणि वेबमालिका या क्षेत्रांत काम मिळविण्यासाठी अभिनेत्याला आपल्या अभिनयाचा चित्रित नमुना सादर करावा लागतो. या नमुन्यास व्यवसायात 'डेमो रील' किंवा 'शोरील' असे म्हटले जाते. प्रस्तुत लेखात या नमुन्याची ऐतिहासिक वाटचाल तपासली असून, मुंबईपासून दूर असलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांतील होतकरू कलावंतांच्या दृष्टीने त्या वाटचालीचा अर्थ लावला आहे. नमुन्याचे तंत्र बदलत गेले तसा तो संस्थेच्या हातून कलावंताच्या हाती आला. मात्र त्याबरोबर नमुना तयार करण्याचा खर्च आणि तो जपण्याची जबाबदारीही कलावंतावर येऊन पडली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : अभिनय, शोरील, ऑडिशन, स्क्रीन टेस्ट, हौशी रंगभूमी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर.

१. प्रस्तावना

चित्रकाराचे चित्र, लेखकाचे पुस्तक किंवा सुताराने घडविलेली खुर्ची त्याच्या पश्चातही त्याच्या कौशल्याची साक्ष देते. अभिनेत्याचे तसे नसते. त्याची कला त्याच्या देहात आणि आवाजात असते आणि प्रयोगाचा पडदा पडताच ती संपते. म्हणूनच 'मला अभिनय येतो' हे न पाहिलेल्या माणसाला पटवून कसे द्यायचे, हा प्रश्न अभिनयाच्या व्यवसायाइतकाच जुना आहे. प्रत्येक काळाने या प्रश्नाला आपापल्या साधनांनुसार उत्तर दिले. कधी प्रत्यक्ष गाऊन दाखविणे हे उत्तर होते, कधी छायाचित्र, कधी स्क्रीन टेस्ट, तर आज दीड-दोन मिनिटांची चित्रफीत.

चित्रपटाच्या इतिहासलेखनात दिग्दर्शक, निर्मितीसंस्था, तंत्रज्ञान व चित्रकृती यांचा विचार विपुल झाला आहे. अभिनेता कामापर्यंत कसा पोहोचतो, या प्रक्रियेकडे मात्र बहुधा आठवणींचा किंवा योगायोगाच्या कथांचा विषय म्हणून पाहिले गेले. 'अमक्याने तमक्याला पाहिले आणि भूमिका मिळाली' अशी वाक्ये चरित्रांतून वारंवार आढळतात. पाहणाऱ्याने नेमके काय पाहिले, ते कोणी चित्रित केले होते आणि ते कोणाच्या ताब्यात होते, हे प्रश्न विचारल्यास त्याच कथांना सामाजिक इतिहासाचे मूल्य प्राप्त होते.

२. उद्दिष्टे

१) अभिनेत्याने सादर करावयाच्या नमुन्याची ऐतिहासिक स्थित्यंतरे स्पष्ट करणे.
२) उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांचे भौगोलिक स्थान आणि कलावंताची संधी यांतील संबंध तपासणे.
३) प्रभावी शोरीलची लक्षणे सांगणे व त्यामागील कारणांचा शोध घेणे.
४) नमुन्याची मालकी आणि जतन यांविषयीच्या प्रश्नांचा ऊहापोह करणे.

३. अभ्यासपद्धती व व्याप्ती

लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. चित्रपटसृष्टीतील ज्ञात घटना, संबंधित कायद्यातील तरतुदी, जनगणनेची आकडेवारी आणि व्यवसायातील प्रचलित रीती ही विवेचनाची सामग्री आहे. मराठी रंगभूमी, मराठी व हिंदी चित्रपट आणि मराठी दूरचित्रवाणी यांपुरतीच व्याप्ती मर्यादित ठेवली आहे.

४. तीन शहरांची पार्श्वभूमी

कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला. आज या मार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही स्थानके एकापाठोपाठ येतात. एकाच मार्गावर असूनही तिन्ही शहरांची घडण भिन्न आहे.

उल्हासनगरची वस्ती दुसऱ्या महायुद्धातील 'कल्याण कॅम्प' या लष्करी छावणीच्या बराकींत उभी राहिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना येथे आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. शहराचे विभाग आजही 'कॅम्प नंबर एक' ते 'कॅम्प नंबर पाच' असेच ओळखले जातात. अंबरनाथला शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधील शिलाहारकालीन शिवमंदिराचा वारसा आहे. तथापि आधुनिक अंबरनाथ घडविले ते आगपेट्यांच्या आणि संरक्षण उत्पादनाच्या कारखान्यांनी. बदलापूर दीर्घकाळ शेतीचे गाव होते व मुंबईत घर न परवडणाऱ्या मध्यमवर्गाने त्याचे शहर केले. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती, ती २०११ मध्ये १ लाख ७४ हजारांवर गेली. त्याच वर्षी अंबरनाथची लोकसंख्या सुमारे २ लाख ५३ हजार आणि उल्हासनगरची ५ लाख ६ हजार होती.

या परिसरातील हौशी कलावंतांना सार्वजनिक गणेशोत्सवातील नाटके, महाविद्यालयीन एकांकिका, मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव, कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा आणि राज्य नाट्य स्पर्धा ही व्यासपीठे उपलब्ध राहिली. कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले नाट्यगृह ही त्यांची जवळची मोठी नाट्यगृहे होत. कॅमेऱ्यासमोरच्या अभिनयाचे केंद्र मात्र अंधेरी, गोरेगाव व मालाड या पश्चिम उपनगरांत एकवटले. बदलापूर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. दादरला मध्य रेल्वेची गाडी सोडून पश्चिम रेल्वेने अंधेरी गाठावयाचे आणि तेथून वर्सोव्याच्या आराम नगरात पोहोचावयाचे, म्हणजे एका बाजूच्या प्रवासास सुमारे अडीच तास लागतात. नमुन्याच्या इतिहासाचा विचार करताना हे अंतर सतत ध्यानात ठेवावे लागते.

५. प्रत्यक्ष सादरीकरणाचा काळ

संगीत नाटक मंडळ्यांच्या काळात नमुना आणि कलावंत एकच होते. नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, ते त्यांच्या गळ्याच्या बळावर. मंडळीचे चालक मुलाला समोर बसवीत, गावयास सांगत आणि निर्णय घेत. ध्वनिमुद्रिकांचा प्रसार झाल्यावर नाट्यगीते घरोघर पोहोचली, पण मुद्रिका निघावयाची ती नाव झाल्यानंतर. नाव मिळविण्यासाठी तिचा उपयोग फारसा नव्हता.

दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) साठी वृत्तपत्रांत जाहिराती देऊन कलावंत शोधले. स्त्रीभूमिकेसाठी स्त्री न मिळाल्याने ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. येथे अभिनयाचा पुरावा मागितलाच गेला नाही. चेहरेपट्टी आणि शरीरयष्टी यांवर निवड झाली.

बोलपटांच्या आगमनानंतर कॅमेऱ्यातील चेहऱ्यासोबत ध्वनिक्षेपकातील आवाजाचीही परीक्षा आवश्यक ठरली आणि स्क्रीन टेस्ट रूढ झाली. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली व १९३३ मध्ये पुण्यास गेलेली प्रभात फिल्म कंपनी कलावंतांना मासिक वेतनावर ठेवीत असे. देव आनंद मुंबईतील मुलाखतीनंतर पुण्यात चाचणीस गेले आणि प्रभातच्या 'हम एक हैं' (१९४६) मधून पडद्यावर आले. चाचणीची फिल्म, कॅमेरा, प्रकाशयोजना व रसायनशाळा सर्व काही कंपनीचे असे. उमेदवारास त्याचा खर्च करावा लागत नसे. परंतु नाकारला गेल्यास त्या चित्रणाचा एक फूटही त्याच्या हाती येत नसे. दुसऱ्या कंपनीच्या दारात त्याला पुन्हा रिकाम्या हातानेच उभे राहावे लागे.

याच काळात नमुन्याचे दुसरे एक रूप आकारास येत होते. दुर्गाबाई खोटे यांचा पहिला चित्रपट 'फरेबी जाल' (१९३१) यशस्वी झाला नाही व त्यातील त्यांची भूमिकाही लहान होती. तथापि तेच काम पाहून व्ही. शांताराम यांनी त्यांना 'अयोध्येचा राजा' (१९३२) मधील तारामतीसाठी निवडले. जाणकार प्रेक्षक संपूर्ण चित्रपट पाहत नाही, तो त्यातला आपल्याला हवा असलेला तुकडा पाहतो, हे या घटनेवरून दिसते. आजच्या शोरीलचे तत्त्व हेच आहे. त्या काळी तुकडा वेगळा काढण्याचे काम पाहणाऱ्याची नजर करीत असे, आज ते संकलनाने करावे लागते.

६. छायाचित्राचा काळ

स्वातंत्र्योत्तर काळात चित्रपटविषयक नियतकालिकांचा प्रसार झाला आणि छायाचित्र हे कलावंताचे पहिले ओळखपत्र बनले. निर्वासित सिंधी समाजाशी निगडित असल्याने साधना यांचे उदाहरण या परिसराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. कराचीत जन्मलेल्या साधना शिवदासानी यांचे कुटुंब फाळणीनंतर मुंबईत आले. 'श्री ४२०' (१९५५) मधील एका समूहनृत्यात त्या दिसल्या. नंतर 'अबाना' (१९५८) या सिंधी चित्रपटात त्यांना भूमिका मिळाली. या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठीचे त्यांचे छायाचित्र 'स्क्रीन' साप्ताहिकात छापून आले, निर्माते शशधर मुखर्जी यांच्या दृष्टीस पडले आणि फिल्मालयाच्या अभिनयशाळेतून त्या 'लव्ह इन सिमला' (१९६०) पर्यंत पोहोचल्या.

समूहनृत्यातील चेहरा कोणी लक्षात ठेवला नाही. विस्थापितांच्या भाषेत काढलेल्या एका छोट्या चित्रपटाने मात्र त्या चेहऱ्याला नाव दिले. प्रादेशिक किंवा अल्पसंख्य भाषेतील काम म्हणजे दुय्यम काम, असा समज कलावंतांत आढळतो. साधना यांची वाटचाल त्याच्या विरुद्ध साक्ष देते. ज्या कामात कलावंत स्पष्टपणे दिसतो, ते काम कोणत्याही भाषेत असले तरी त्याचा नमुना म्हणून उपयोग होतो.

पुढे नवोदितांच्या स्पर्धांनी छायाचित्राला संस्थात्मक रूप दिले. युनायटेड प्रोड्यूसर्स व 'फिल्मफेअर' यांच्या १९६५ मधील स्पर्धेतून राजेश खन्ना पुढे आले. छायाचित्र टपालाने पाठविता येत असल्याने दूरच्या गावातील उमेदवारासही प्राथमिक प्रवेश मिळाला. अंतराची अडचण दूर करणारे हे पहिले साधन होय. त्याची मर्यादाही उघड आहे. छायाचित्र रूप दाखविते. आवाज, चाल, विराम आणि समोरच्याचे ऐकण्याची रीत ते दाखवू शकत नाही. नमुना म्हणून छायाचित्राचे प्राबल्य असलेल्या काळात रूपाला मिळालेले अवाजवी महत्त्व या माध्यमाच्या स्वभावातूनही आले आहे.

७. पदविका चित्रपट आणि दूरदर्शन

१९६० मध्ये प्रभातच्याच आवारात भारत सरकारची चित्रपटसंस्था स्थापन झाली. तेथील विद्यार्थ्यांच्या पदविका चित्रपटांमुळे व्यावसायिक भूमिका मिळण्यापूर्वीच अभिनेत्याचे काम फिल्मवर नोंदले जाऊ लागले. अभिनयाचा अभ्यासक्रम १९७० च्या दशकात बंद पडला व २००४ मध्ये पुन्हा सुरू झाला.

या टप्प्याचे सर्वांत बोलके उदाहरण स्मिता पाटील यांचे आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि तेथे त्या मराठी बातम्या वाचू लागल्या. अरुण खोपकर यांनी आपल्या 'तीव्र मध्यम' (१९७४) या पदविका चित्रपटात त्यांना भूमिका दिली. दूरदर्शनवरील त्यांचा चेहरा श्याम बेनेगल यांच्या लक्षात राहिला. 'चरणदास चोर' (१९७५) व 'निशांत' (१९७५) मधील भूमिका त्यानंतरच्या.

बातम्या वाचणे हा अभिनय नव्हे. तरीही त्या वाचनातून कॅमेऱ्याकडे थेट पाहण्याची स्थिरता, भाषेवरील पकड आणि चेहऱ्याचा निगर्वी भाव जाणकाराला दिसला. चांगल्या नमुन्यात अभिनेता 'अभिनय करून दाखवीत' नाही, तो केवळ उपस्थित असतो आणि त्याची उपस्थिती पाहणाऱ्याला पुरेशी वाटते. आजचे अनेक शोरील रडणे, ओरडणे आणि हाणामारी यांनी भरलेले असतात. स्मिता पाटील यांच्या उदाहरणाचा बोध त्यांच्या नेमका उलट आहे.

८. चित्रफीत आणि उपग्रह वाहिन्या

१९८२ नंतर रंगीत दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ कॅसेट यांचा प्रसार झाला. फिल्मच्या तुलनेत चित्रफीत स्वस्त होती व तिच्यावर पुन्हा पुन्हा चित्रण करता येत असे. लग्नसमारंभांचे व्हिडिओ शूटिंग हा शहरोशहरी व्यवसाय बनला. कॅमेरा, दिवे व संकलन जाणणारा माणूस प्रथमच उल्हासनगर-अंबरनाथसारख्या शहरांत गल्लीत भेटू लागला. अभिनेत्याला स्वतःच्या खर्चाने स्वतःचे चित्रण करून घेणे या टप्प्यावर शक्य झाले.

मागणीच्या बाजूनेही मोठा बदल झाला. १९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठी (पुढे झी मराठी), २००० मध्ये ईटीव्ही मराठी आणि २००८ मध्ये स्टार प्रवाह या वाहिन्या सुरू झाल्या. दैनंदिन मालिकांना मुख्य भूमिकांसोबत काका, आत्या, शेजारी, वकील, परिचारिका अशा अनेक व्यक्तिरेखा सतत लागतात. इतक्या उमेदवारांना दिग्दर्शकाने स्वतः भेटणे अशक्य झाल्याने निवडीचे काम स्वतंत्र व्यक्तीकडे गेले. शेखर कपूर यांच्या 'बँडिट क्वीन' (१९९४) साठी तिग्मांशू धुलिया यांनी केलेले कास्टिंग हे हिंदीतील या व्यवसायाचे आरंभीचे ठळक उदाहरण मानले जाते. नंतरच्या दोन दशकांत 'कास्टिंग डिरेक्टर' हे पद सर्वमान्य झाले.

या व्यवस्थेत ऑडिशनच्या रांगा आल्या. आराम नगरातील कार्यालयाच्या दारात उभ्या असलेल्या उमेदवाराला अनेकदा एका दृष्टिक्षेपात 'नॉट फिट' हे दोन शब्द ऐकावे लागतात. भूमिकेला अपेक्षित वय, उंची किंवा बांधा जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अभिनयाचा त्याच्याशी संबंध नसतो. अंधेरीत राहणाऱ्या उमेदवाराला हे दोन शब्द अर्ध्या तासाला पडतात, बदलापूरच्या उमेदवाराला पूर्ण दिवसाला. नोकरी सांभाळून अभिनय करणाऱ्याला ते एका रजेला पडतात. ८ जून २०१४ रोजी घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो सुरू झाल्यावर दादरचा वळसा टाळता येऊ लागला. घाटकोपरला उतरून ११.४ किलोमीटरच्या या मार्गाने थेट वर्सोवा गाठता येते. नाकारले जाण्याची किंमत काही अंशी कमी झाली, एवढेच या सोयीचे मोल.

९. भ्रमणध्वनी आणि घरून पाठविलेली चाचणी

कॅमेरा असलेला भ्रमणध्वनी आणि स्वस्त इंटरनेट यांनी नमुना बनविण्याची व पाठविण्याची साधने एकाच हातात आणली. २०२० मधील टाळेबंदीने तात्पुरती वाटणारी सोय नियमात बदलली. २३ मार्च २०२० पासून मुंबईची उपनगरी रेल्वे सर्वसामान्यांसाठी बंद झाली. १ फेब्रुवारी २०२१ रोजी ती ठरावीक वेळांत खुली झाली, एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांना प्रवासाची मुभा मिळाली. मालिकांचे चित्रीकरण मात्र या काळात अधूनमधून सुरू होते. कल्याणपलीकडील कलावंताला ऑडिशनला पोहोचण्याचा मार्गच राहिला नव्हता. घरून चित्रित करून पाठविलेली चाचणी, म्हणजे 'सेल्फ टेप', हा त्याच्यापुढील जवळजवळ एकमेव पर्याय होता. गाड्या पूर्ववत झाल्यावरही ही पद्धत टिकून राहिली.

याच वर्षीच्या दुसऱ्या एका घटनेकडे दुर्लक्ष करता येत नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. लहान शहरांतील व खेड्यांतील असंख्य हौशी कलावंतांनी आपले विनोद, संवाद आणि नृत्ये याच माध्यमावर साठविली होती. ज्यांनी स्वतःकडे प्रत ठेवली नव्हती, त्यांचा नमुना बंदीबरोबर हातचा गेला. प्रभातच्या काळी चाचणीची फिल्म कंपनीच्या कपाटात राहत असे, या काळात चित्रण ॲपच्या सर्व्हरवर राहिले. दोन्ही प्रसंगी कलावंताच्या हाती काही उरले नाही.

१०. प्रभावी शोरीलची लक्षणे

'रीळ' या शब्दाचा अर्थही या प्रवासात बदलला. ३५ मिलिमीटर फिल्मचे हजार फुटांचे रीळ सुमारे अकरा मिनिटे चालत असे. आजचा शोरील दीड ते तीन मिनिटांत संपावा अशी अपेक्षा असते. निवड करणाऱ्याला दिवसभरात असे असंख्य तुकडे पाहावयाचे असतात आणि पहिल्या काही क्षणांतच त्याचे मत बनते. व्यवसायातील प्रचलित संकेत आणि वरील इतिहास यांच्या आधारे पुढील लक्षणे सांगता येतात.

पहिले, सर्वोत्तम प्रसंग आरंभी असावा. नाटकाप्रमाणे हळूहळू चढत जाण्यास येथे अवकाश नसतो. दुसरे, प्रत्येक तुकड्यात कलावंत कोणता हे तत्काळ कळावे. नामवंत नटासमोर उभे राहून त्याचेच संवाद ऐकू येणारा प्रसंग नामवंताचाच नमुना ठरतो. तिसरे, संगीत लावून जोडलेल्या झटपट दृश्यांपेक्षा अखंड चाललेले दोन-तीन संवादप्रसंग अधिक उपयुक्त ठरतात. संगीताच्या तालावर कापलेल्या दृश्यांत चेहरा दिसतो, पण विचार करणारा माणूस दिसत नाही. चौथे, आवाज स्वच्छ असावा. अंधुक चित्र एक वेळ चालते, न ऐकू येणारा संवाद चालत नाही. रेल्वेमार्गालगतच्या घरात चित्रण करताना दोन गाड्यांमधील वेळ साधावी लागते.

पाचवे, तुकड्यांमध्ये भेद असावा, पण तो भूमिकेच्या स्वभावातून यावा. केवळ वेश बदलल्याने विविधता सिद्ध होत नाही. सहावे, भाषा व बोली यांचा स्पष्ट निर्देश असावा. या परिसरातील तरुण मराठी, हिंदी आणि कित्येकदा सिंधी, आगरी बोली किंवा गुजराती सहज बोलतो. प्रमाण भाषेच्या भीतीने तो हे सामर्थ्य लपवितो, वास्तविक तेच त्याचे वेगळेपण असते. सातवे, नाव, उंची व संपर्क यांची नोंद थोडक्यात असावी आणि तीन वर्षांपूर्वीचा चेहरा आजचा म्हणून दाखवू नये.

व्यावसायिक काम नसलेल्या नवोदिताने काय करावे, हा प्रश्न उरतो. दोन साधे प्रसंग, साधी भिंत, एका बाजूने येणारा उजेड, डोळ्यांच्या उंचीवर स्थिर ठेवलेला भ्रमणध्वनी आणि कॅमेऱ्यामागून समोरच्या पात्राचे संवाद वाचणारा सहकारी, एवढी सामग्री त्यास पुरते. प्रसिद्ध चित्रपटातील गाजलेला संवाद निवडल्यास पाहणाऱ्याच्या मनात मूळ अभिनेत्याशी तुलना सुरू होते, म्हणून स्वतंत्रपणे लिहिलेला प्रसंग अधिक श्रेयस्कर होय. हजारो रुपये घेऊन 'शोरील बनवून काम मिळवून देऊ' अशी हमी देणाऱ्यांपासून दूर राहणे आवश्यक आहे. प्रामाणिक निवडप्रक्रियेत उमेदवाराकडून पैसे घेतले जात नाहीत.

शोरील म्हणजे सर्वस्व नव्हे, हेही नमूद केले पाहिजे. 'फँड्री' (२०१३), 'कोर्ट' (२०१४) व 'सैराट' (२०१६) या मराठी चित्रपटांत पूर्वी कॅमेऱ्यासमोर न आलेल्या व्यक्तींची निवड झाली. तेथे दिग्दर्शक स्वतः माणसांच्या शोधात निघाले होते. असा शोध नित्य घडत नाही. ज्यांच्याकडे कोणी शोधत येत नाही, त्यांना स्वतःचा नमुना पोहोचवावाच लागतो.

११. मालकीचा प्रश्न

मालिकेतील स्वतःच्या प्रसंगाचा तुकडा शोरीलमध्ये घेण्याची रूढी असली, तरी त्या चित्रणावर सर्वसाधारणपणे निर्मात्याचा किंवा वाहिनीचा हक्क असतो. प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याच्या हक्कांना मान्यता मिळाली. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा आणि त्याचे विकृतीकरण रोखण्याचा नैतिक हक्क दिला. तथापि लेखी कराराने चित्रपटात सादरीकरण करण्यास संमती दिल्यावर, करारात वेगळी अट नसल्यास, निर्मात्याच्या हक्कोपभोगास आक्षेप घेता येत नाही.

अधिक गंभीर बाब अशी की, चित्रपटातील ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि व्यवसायाच्या रीतीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीतही येत नाही, त्याला कायद्याच्या व्याख्येत 'सादरकर्ता' मानलेले नाही. विकृतीकरणाविरुद्धचा हक्क एवढाच त्याला अपवादाने मिळतो. गर्दीत उभा राहणारा किंवा एका वाक्यासाठी बोलाविला जाणारा कलावंत या वर्गात मोडण्याची शक्यता सर्वाधिक असते, आणि दूरच्या शहरांतून येणाऱ्या नवोदिताच्या वाट्याला आरंभी अशीच कामे येतात. म्हणून करार करताना श्रेयनामावलीत नाव आणि प्रदर्शनानंतर स्वतःच्या प्रसंगाचा तुकडा वापरण्याची लेखी परवानगी या दोन गोष्टी मागणे कलावंताच्या हिताचे आहे. प्रदर्शनापूर्वी चित्रण बाहेर देणे मात्र टाळलेच पाहिजे.

१२. हौशी रंगभूमीची नोंद

या परिसरातील अभिनयाचा मोठा भाग अजूनही रंगमंचावर घडतो. एकांकिका स्पर्धेसाठी महिनोन्महिने तालमी होतात, पाऊण तासाचा प्रयोग होतो, पारितोषिक मिळते आणि मागे राहते एक प्रशस्तिपत्र. प्रशस्तिपत्रावरून अभिनय कळत नाही. प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेतून भ्रमणध्वनीवर केलेल्या चित्रणात चेहरे ओळखू येत नाहीत व संवाद घुमतात. परिणामी दहा वर्षे रंगमंचावर कष्ट केलेला कलावंत शोरील मागितल्यावर नवख्याच्या रांगेत जातो, तर कॅमेऱ्यासमोर दोन महिने काढलेला पुढे सरकतो. हा दोष कलावंताच्या गुणवत्तेचा नाही, नोंदीच्या अभावाचा आहे.

नोंद न ठेवण्याची किंमत भारतीय चित्रपटाने मोजली आहे. देशात तयार झालेल्या तेराशेहून अधिक मूकपटांपैकी मोजकेच आज शिल्लक आहेत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन होईपर्यंत फार उशीर झाला होता. तीन शहरांतील हौशी रंगभूमीबाबत तोच उशीर आजही होत आहे.

१३. निष्कर्ष

१) अभिनेत्याचा नमुना प्रत्यक्ष सादरीकरण, स्क्रीन टेस्ट, छायाचित्र, पदविका चित्रपट, चित्रफीत व भ्रमणध्वनीवरील चित्रण अशा टप्प्यांतून विकसित झाला. प्रत्येक टप्प्यावर नमुना बनविण्याचे साधन संस्थेकडून व्यक्तीकडे सरकत गेले.

२) या स्थित्यंतरामुळे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील कलावंताच्या बाबतीत अंतराचा अडथळा कमी झाला. तथापि पूर्वी कंपनीने उचललेला चाचणीचा खर्च आणि श्रम आता उमेदवाराच्या माथी आले आहेत.

३) दुर्गाबाई खोटे, साधना व स्मिता पाटील यांच्या वाटचालीवरून असे दिसते की, काम लहान असो वा प्रादेशिक, त्यात कलावंत स्पष्ट आणि स्वाभाविक दिसत असल्यास ते पुढील कामाचे दार उघडते. प्रभावी शोरीलची सर्व लक्षणे या एका तत्त्वातून निष्पन्न होतात.

४) नमुना दुसऱ्याच्या ताब्यात राहिल्यास तो केव्हाही नाहीसा होऊ शकतो. मूळ चित्रणाची प्रत स्वतःजवळ ठेवणे हा कलावंताच्या व्यावसायिक शिस्तीचा भाग मानला पाहिजे.

१४. सूचना

या परिसरातील महाविद्यालयांच्या सांस्कृतिक विभागांनी एकांकिकांचे पद्धतशीर चित्रण करावे. प्रयोगाच्या आदल्या दिवशीच्या रंगीत तालमीत जवळून दोन कॅमेरे आणि स्वतंत्र ध्वनिमुद्रण यांची व्यवस्था केल्यास अल्प खर्चात प्रत्येक विद्यार्थ्यास आपल्या कामाचा स्वच्छ तुकडा मिळू शकेल. लेखकाची परवानगी आधी घ्यावी आणि चित्रणाची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा करावी. विद्यार्थ्याला त्यातून शोरील मिळेल आणि परिसराला आपल्या रंगभूमीचा दप्तरबद्ध इतिहास. स्पर्धा भरविणाऱ्या संस्थांनी अंतिम फेरीतील संघांना प्रशस्तिपत्रासोबत प्रयोगाचे चित्रण देण्याचा प्रघात पाडल्यास, पारितोषिक न मिळालेल्या गुणी कलावंतासही आपले काम इतरांना दाखविता येईल.